टेलिफोनची चाकरी

एउस्तोलिया कंबरेला टोपली बांधून कॉफीच्या तिसऱ्या ओळीत शिरली आणि खालून, गावच्या भोंग्यावर, तिच्या नवऱ्याचं नाव घुमलं. टेलिफोन कमिटीचे आबुंदियो येस्कास, टेलिफोन बंद आहे, कचेरीत या. दोनदा, मग घसा खाकरून तिसऱ्यांदा.

आबुंदियो येस्कास अकरा वर्षांपासून सरहद्दीपलीकडे, लॉस एंजेलिसमध्ये खानावळीत भांडी घासत होता. भोंग्यावर बोलणाऱ्याला ते माहीत होतं, अध्यक्षाला माहीत होतं, कचेरीच्या पायरीवर झोपणाऱ्या कुत्र्यालाही माहीत असावं. पण गावसभेत चाकरी त्याच्या नावावर निघाली होती. म्हणून हाक त्याला आणि पाय एउस्तोलियाचे.

तिने टोपली सोडली, झुडपाखाली ठेवली, वर केळीचं पान टाकलं. मागच्या आठवड्यात अशीच ठेवलेली टोपली खारींनी पालथी केली होती. तांबेऱ्याने अर्धी बाग गेली होती. उरलेल्या झुडपांवर लाल फळ पंधरा दिवस टिकतं, मग गळतं. या ओळीचे ते पंधरा दिवस आता चालू होते. ती उतार उतरायला लागली. गुडघा कुरकुरत होता.

गाव यागाबेला. टेलिफोनच्या मोठ्या कंपनीने एकदा येऊन डोकी मोजली, तेराशे भरली, आणि परवडत नाही म्हणून माणसं जी गेली ती गेलीच. मग गावाने स्वतःचा मनोरा उभारला. लोखंडी खांब चाळीस माणसांनी खांद्यावरून चढवला, यंत्र कचेरीच्या माळ्यावर बसवलं, शहरातून एक इंजिनीअर बाई येऊन शिकवून गेली. तेव्हापासून पाण्याची कमिटी, चक्कीची कमिटी, देवळाची कमिटी, तशी टेलिफोनची कमिटी. वर्षभर फुकट राबायचं, वर्षअखेर गावसभेत उभं राहून सगळं वाचून दाखवायचं. काही लपवायचं नाही. गावाने मान्य केलं तर घराचं नाव राहतं. नाही केलं तर त्या घराला पुढे गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही.

कचेरीत पोचून ती शिडीने माळ्यावर चढली. खाली बाकावर बसलेले चौघे तिच्या परकराकडे बघत राहिले. एकाने, सेफेरिनो म्हाताऱ्याने, तेवढी टोपी डोळ्यांवर ओढली, तीही उशिरा. यंत्र गार पडलं होतं. तिने वायरीवर बोट ठेवून ती भिंतीपर्यंत नेली. टेलिफोनचा प्लग कुणीतरी उपसून काढला होता आणि त्या जागी भोंग्याचा प्लग खोचला होता. हरवलेल्या गाढवाची सकाळी हाक द्यायची होती म्हणून. त्याच भोंग्यावरून टेलिफोन बंद असल्याची हाक दिली होती.

तिने प्लग बदलला. खाली येऊन काय झालं होतं ते सांगितलं. सेफेरिनो म्हणाला, बाईमाणसाला एवढं कळलं हेच खूप झालं. बाकीचे हसले. परत वर बागेत पोचेपर्यंत अर्धा दिवस गेला होता.

नोव्हेंबरच्या गावसभेत तक्रार निघाली की संध्याकाळी कुणाचाच फोन लागत नाही. आठ जण बोलायला लागले की लाइन भरते, नववा वाट बघतो. नववे बरेच होते. कोण एवढं बोलतं, यावर आधी कुजबुज, मग आवाज. सेफेरिनो उठला. पाण्याची कमिटी सांगते कुणाचा नळ किती चालला, म्हणाला, चक्कीची कमिटी सांगते कुणाचा मका किती दळला. टेलिफोनच तेवढा पडद्याआड कसा? तिथे नवरा नाही, हिशेब नाही, एक बाई काय करते देव जाणे.

शेवटचं वाक्य एउस्तोलियाला लागलं. चाकरी करणाऱ्या पुरुषावर गाव एकदा संशय घेतं, त्याच्या जागी राबणाऱ्या बाईवर दोनदा. ती उभी राहिली. अध्यक्ष एलिसेओने अजून काही विचारलंही नव्हतं.

"माझ्याकडे सगळं आहे," ती म्हणाली. "कोण, कुणाला, किती वेळ. भिंतीवर लावते. बघा."

इंजिनीअर बाईने शिकवताना सांगितलं होतं की यंत्र नोंद ठेवतं ती कुणाला दाखवायची नसते. एउस्तोलियाने ते वहीत उतरवूनही घेतलं होतं. पण ते शहरातल्या माणसांसाठी असणार असं तिने धरलं. शहरात शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. इथे लपवणं म्हणजे गावाचा पैसा खाणं.

कचेरीतल्या छपाईच्या यंत्राची शाई सुकली होती. मग तिने हाताने लिहिलं. चार दुपारी बागेतून लवकर येऊन, पट्टीने रेघा आखून, घराचं आणि माणसाचं नाव, केलेला नंबर, तारीख, मिनिटं. चौदा कागद. सासू क्रेसेन्सिया शेजारी बसून प्रत्येक कागदाला फुंकर घालत होती. शाळेत दोनच वर्षं गेलेल्या सुनेचं अक्षर बघून म्हातारी म्हणाली, गावाच्या चिटणिसाला असं जमलं नसतं. मक्याच्या पिठाची खळ तिनेच शिजवली. कचेरीच्या ओसरीत, पावसाचा थेंब लागणार नाही अशा भिंतीवर, दोघींनी कागद डकवले. एकही खाडाखोड नव्हती.

अख्खं गाव वाचायला आलं. लग्नाच्या जेवणालाही एवढं येत नाही. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना बाकीचे मोठ्याने वाचून दाखवत होते. सेवेरो सुताराने किनाऱ्यावरच्या कुण्या वैद्यबाईला बेचाळीस वेळा फोन केला होता. गुडघ्यासाठी, असं तो म्हणाला. गुडघा कुठवर पोचलाय ते लोकांनी विचारलं. देवळातला घंटा वाजवणारा लॉटरीच्या नंबराला रोज लावत होता आणि रविवारी सगळ्यांना जुगाराचं पाप समजावून सांगत होता. मास्तरीणबाईंनी सासरी अख्ख्या वर्षात दोन मिनिटं बोलणं केलं होतं. सासू समोरच उभी होती. लोक पोट धरून हसले. एउस्तोलियाही हसली. थोडी लांब, खांबाला टेकून, हाताची घडी घालून ती उभी होती आणि त्या दुपारी तिला वाटलं की आपण हे वर्ष नीट पार पाडलं.

ओसरीत त्या दिवशी मार्सियानोचा पहारा होता. गावातल्या जवान गड्यांना एकेक वर्ष शिपाईगिरीची पाळी येते. या वर्षी त्याची होती. हातात दांडा, छातीवर बिल्ला नाही. गर्दी पांगल्यावर तो वाचायला लागला. वाचणं त्याचं कच्चं. बोट ओळीवर ठेवून, ओठ हलवत. नवव्या कागदावर बोट थांबलं. मग खाली सरकलं, थांबलं, सरकलं, थांबलं.

ओतिलिया त्याची बायको. चोवीस वर्षांची. लग्नात तिची धर्माची आई एउस्तोलियाच होती. देवळाच्या दारात हिनेच तिच्या डोक्यावर फुलं ठेवली होती. ओतिलियाच्या नावापुढे शहरातला एकच नंबर एकोणीस वेळा होता. सगळे फोन मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमाराला. त्या वेळी मार्सियानो पहाऱ्यावर असायचा.

त्याने खिशातून फोन काढला. एकेक आकडा कागदावरून बघून दाबला. एउस्तोलिया खांबाशी होती तिथून तिला पलीकडचा आवाज नुसता पुसट आला, बाईचा, स्वच्छ, घराचं नाव सांगणारा. मार खाल्लेल्या बायकांना ठेवून घेणारं ते घर होतं. नाव शहरात सगळ्यांना ठाऊक.  मार्सियानोने फोन बंद केला, बोटाला लागलेली खळ पँटला पुसली आणि पुन्हा पहाऱ्याला उभा राहिला. संध्याकाळपर्यंत उभा होता.

पुढचे दोन दिवस पहाटे चक्कीच्या रांगेत ओतिलिया दिसली नाही. चुन्यात शिजवलेल्या मक्याच्या बादल्या घेऊन बायका उभ्या असतात, त्यात कोण नाही ते लगेच कळतं. तिसऱ्या दिवशी ती आली. शाल नाकापर्यंत ओढलेली. बादली डाव्या हातात. उजवा हात शालीत गुंडाळून पोटाशी धरलेला. बायकांनी तिला पुढे जाऊ दिलं. विचारलं कुणीच नाही. या गावात काही लपत नाही असं सगळे छाती फुगवून सांगतात. लपत नाही हे खरं आहे. दिसलेलं कुणी बोलत नाही हेही तितकंच खरं आहे, ते मात्र छाती फुगवून कुणी सांगत नाही.

एउस्तोलिया पुढे झाली आणि तिने बादलीला हात घातला. ओतिलियाने बादली सोडली नाही. एक डोळा शालीतून दिसत होता, दुसरा सुजून मिटला होता.

"अक्षर किती सुंदर काढलंय, धर्माई," ती म्हणाली. "मला एका दमात वाचता आलं."

त्यात टोमणा नव्हता. 

रविवारी बाजाराला जाणाऱ्या ट्रकमध्ये, भोपळ्यांच्या पोत्यांमागे, चार वर्षांच्या पोरीला घेऊन ओतिलिया निघून गेली. मार्सियानोला दुपारी कळलं. तो ट्रकवाल्याकडे गेला, देवळात गेला, सासू तोमासाच्या घरात शिरून धान्याची कणगी हलवून आला. मग शहरात गेला. त्या घराच्या दारात त्याला उभं केलं नाही, आणि ओतिलिया तिथे नव्हतीच. नंबर भिंतीवर लागला म्हटल्यावर त्यांनी तिला पुढे दुसरीकडे हलवलं होतं. कुठे, ते त्याला कळलं नाही. तो परत आला आणि पुन्हा दांडा घेऊन ओसरीत उभा राहिला. कागद अजून भिंतीवर होते.

दोन दिवसांनी तोमासा एउस्तोलियाच्या बागेत आली. तिने टोपली बांधली आणि पलीकडच्या बाजूने वेचायला लागली. दोघींची सावड होती, एकमेकींच्या बागेत दिवसाला दिवस. गेल्या हंगामात एउस्तोलिया तिच्याकडे एक दिवस जास्त गेली होती. तोमासा बासष्ट वर्षांची, बोटं वाकडी, पण फळ देठाशी धरून पिळते ते हिरवं कधी हाताला लागत नाही. एउस्तोलियाने तिला पाणी दिलं, ते तिने घेतलं. मक्याची तॉर्तिया आणि घेवडा पुढे केला, तो घेतला नाही. स्वतःची शिदोरी सोडून पाठ करून खाल्ली. उन्हं कलल्यावर तिने टोपली पोत्यात रिकामी केली आणि कपडे झटकले.

"तुझा दिवस फिटला, कोमाद्रे," ती म्हणाली. लेकीच्या धर्माच्या आईला आई कोमाद्रेच म्हणते. दुसरं काही म्हणायची सोय नाही. "आता तुझी माझी सावड नाही."

एउस्तोलिया काही बोलायला गेली तर तोमासाने हात वर केला. आपण भांडायला आलो नाही, म्हणाली. एक सांगायला आलोय. ओतिलिया तिला दर तीन दिवसांनी फोन करते. जिथे आहे तिथून. पोर खोकते, औषध काय द्यायचं विचारते. कुठे आहे ते सांगत नाही, पण नंबर येतो तो तिथला येतो, आणि तो तुझ्या यंत्रात बसतो. वर्षअखेरीला तू पुन्हा कागद लावशील. मार्सियानो दिवस मोजतोय. या वेळी तो दारातून परत फिरणार नाही.

पोतं डोक्यावर घेऊन एउस्तोलिया उतरली. वाटेत दोनदा पोतं खाली ठेवून बसली.

दुसऱ्याच दिवशी अध्यक्षाने बोलावलं. एलिसेओ वाईट माणूस नव्हता. अशी न-वाईट माणसंच गावाचं वाटोळं करतात. त्याने खुर्ची दिली. मार्सियानो येऊन गेला होता, म्हणाला. नवरा आहे, पोरीचा बाप आहे, त्याचंही काही असतं. तो काही जास्तीचं मागत नाही. डिसेंबरचे कागद रीतीप्रमाणे लागावेत, तेही बाहेरून आत आलेल्या फोनांसकट, एवढंच. एउस्तोलियाने विचारलं की ओतिलियाचा हात मोडला ते अध्यक्षांच्या कानावर आलंय का. आलंय, तो म्हणाला, घरातली गोष्ट आहे. फोनही घरातलीच गोष्ट आहे, ती म्हणाली. एलिसेओने कपाळ चोळलं. अकरा महिने तू आपण होऊन लावलेस, म्हणाला. बारावा लावला नाहीस तर लोक म्हणणार बारावा खाल्ला. मी काय उत्तर देऊ?

तिने इंजिनीअर बाईला फोन लावला. एक ओळ काढून टाकता येते का, विचारलं.  मग पलीकडची ती पोरगी, पोरगीच होती, हळू म्हणाली की भिंतीवर लावलेत हे खरं आहे का. खरं आहे, एउस्तोलिया म्हणाली. पोरीने शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एक ओळ काढली तर तिथे भोक दिसतं, ती म्हणाली, आणि भोक कुणाच्या घराचं आहे ते लगेच कळतं. काढायची तर सगळ्यांची काढा. आणि यापुढे नोंद राहूच नये तर यंत्रात नोंदीची कळ आहे, ती पहिल्या दिवसापासून बंद करायची होती, ते मी ओरडून सांगायला हवं होतं. एवढं बोलून ती कळ कुठे आहे ते तिने तीनदा सांगितलं.

गुरुवारी सकाळी एउस्तोलिया माळ्यावर चढली. पडदा उजळला. सगळ्यात ताजे फोन सगळ्यात वर येतात. तोमासाचं घर पहिल्या पाचात असणार हे तिला माहीत होतं, आणि त्यापुढचा नंबर बघितला की त्याचे पहिले आकडे गाव सांगतात हेही. तिने मान खाली घातली. नजर बोटांवरून वर उचलली नाही. इंजिनीअर बाईने सांगितलेलं मोजून दाबलं. यंत्राने काहीतरी विचारलं असावं, तिने पुन्हा दाबलं. मान वर केली तेव्हा पडदा रिकामा होता. अकरा महिन्यांची तिची मेहनत जायला दूध उतू जायला लागतो त्याहूनही कमी वेळ लागला. मग तिने ती कळ शोधली आणि बंद केली.

खाली येऊन तिने कॉफीच्या बागेतला कोयता घेतला आणि भिंतीवरचे कागद खरवडायला लागली. सासूची खळ चिवट होती. चुन्याचे पोपडे कागदाबरोबर येत होते. पायरीवरचे लोक बघत होते. वाचायचं ते सगळ्यांनी कधीच वाचलं होतं. कागद काढून कुणाच्या डोक्यातलं काही निघत नव्हतं. तरी तिने नववा कागद आधी काढला.

घरी क्रेसेन्सियाने ऐकलं आणि चुलीपुढून उठली नाही. येस्कासांच्या घराने तिच्या डोळ्यांदेखत नऊ चाकऱ्या केल्या होत्या, म्हणाली. तिच्या नवऱ्याने ताप अंगात असताना देवळाचं छप्पर चढवलं होतं. एकदाही गावाने नाही म्हटलं नव्हतं. नऊ घडे भरले, तू दहावा फोडलास.

सोमवारी आबुंदियोचा फोन आला. तिकडे गावची माणसं रविवारी एका मैदानात जमतात, बास्केटबॉल खेळतात, तिथे त्याला आधीच कळलं होतं. मी इथे कुठे तोंड दाखवू, म्हणाला. लोक विचारतील तुझ्या बायकोने काय लपवलं. आठवेल तेवढं तरी कागदावर लिहून दे. आठवत नाही, ती म्हणाली. अकरा वर्षं मी इथे कुणासाठी भांडी घासतोय, तो म्हणाला. मग तो बराच वेळ बोलत राहिला आणि ती वाळत घातलेल्या कॉफीवरची माती निवडत राहिली.

"चाकरी तुझ्या नावावर आहे," ती शेवटी म्हणाली. "ये आणि कर."

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी गावसभा भरली, पत्र्याच्या छपराखालच्या मैदानात. पुरुष समोर, बायका बाजूच्या बाकांवर, ज्या घरात पुरुष नाही त्या घरच्या बायका पुरुषांमागे. पाण्याच्या कमिटीने वाचलं. चक्कीने वाचलं. देवळाच्या कमिटीने मेणबत्त्यासुद्धा मोजून वाचल्या. तीन तास झाले होते. एउस्तोलिया उभी राहिली तेव्हा तिच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता, कागद नव्हता.

तिने सांगितलं की यंत्र नीट आहे, वायरी बदलल्या, मनोऱ्याला गंज लागला होता तो घासून रंग दिला. नोंद नाही. ती पुसली. नोव्हेंबरात लावली ती चूक झाली, आणि ती चूक कुणी करायला लावली नव्हती, तोरा मिरवायला आपणच केली.

आवाज उठला. सेफेरिनो म्हणाला की लपवतो तो खातो, हे त्याच्या बापानेही सांगितलं होतं. मागून कुणीतरी येस्कासांच्या नावाने थुंकलं. एलिसेओने टेबलावर हात आपटला तरी थांबेनात. मग मार्सियानो उभा राहिला आणि आपोआप शांतता झाली. दांडा त्याच्या हातात होता. पाळीचा शेवटचा दिवस होता त्याचा.

त्याने सरळ विचारलं. माझी बायको माझी लेक घेऊन गेली. तिचा ठावठिकाणा त्या यंत्रात होता. तो तिने पुसला. गावाची वस्तू आहे, गावाचं यंत्र आहे, पुसायचा हिला हक्क कुणी दिला?

बऱ्याच टोप्या हलल्या. बोलणं चुकीचं नव्हतं, गावाच्या रीतीने बघितलं तर.

 एउस्तोलियाने पाय रोवले.

"तुझी बायको माझ्या यंत्रातून गेली नाही, मार्सियानो," ती म्हणाली. "तुझ्या घरातून गेली."

बायकांच्या बाकावरून कुणीतरी हसलं. एकदाच. कोण ते कुणी वळून बघितलं नाही.

निवाडा व्हायला वेळ लागला नाही. हात वर झाले. बायकांच्या बाकांना हात नसतात, त्या बसून राहिल्या. आबुंदियो येस्कासची चाकरी गावाने मान्य केली नाही. दिवसभर कोठडी. आणि हेच काम पुढचं वर्ष पुन्हा, नोंद चालू करून.

कोठडी कबूल, एउस्तोलिया म्हणाली. नोंद चालू करणार नाही. ती पुढे गेली आणि जुडगा अध्यक्षाच्या टेबलावर ठेवला. ज्याला नोंद पाहिजे त्याने किल्ल्या घ्याव्यात.

एलिसेओने सभेकडे बघितलं. कोण घेतो, विचारलं.

एवढा वेळ पत्रा उडेल असं बोलणारे तीनशे पुरुष आपापल्या टोप्यांच्या कडा तपासायला लागले. फळ अजून झुडपांवर होतं. वर्षभर फुकट, दिवसाआड भोंगा, माळ्यावरची शिडी, आणि शेवटी हाच तमाशा. सेवेरोचा गुडघा दुखायला लागला. सेफेरिनो सत्तरीच्या पुढचा होता, त्याला चाकरी माफ होती. हे त्याने मोठ्याने सांगितलं.

मार्सियानोची नजर किल्ल्यांवर होती. एउस्तोलियाने ती बघितली. हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. ओतिलिया आईला फोन करत राहणार होती, तीन दिवसांनी एकदा, आणि किल्ल्या याच्या खिशात असणार होत्या. आपल्या हाताने आपण त्या टेबलावर ठेवल्या. मागे तोमासा बसली होती. तिच्याकडे वळून बघायची हिंमत झाली नाही.

मार्सियानोने दांडा डाव्या हातात घेतला आणि एक पाऊल टाकलं. मी घेतो, म्हणाला.

 चिटणीस वहीत वाकला होता, त्याने लेखणी उचलली आणि मान वर केली.

"घरात बाई कोण आहे?" चिटणिसाने विचारलं.

मार्सियानोला कळलं नाही.

चिटणीस कंटाळलेल्या आवाजात सांगायला लागला, दरवर्षी सांगतो तसं. एकट्या गड्याच्या घराला कमिटीची चाकरी देत नाहीत. नवरा चाकरीला लागला की शेत कोण बघणार, सभेच्या जेवणाला तॉर्तिया कोण थापणार, सणाला पाहुण्यांना कोण जेवू घालणार. बाई एकटी असली तर ती दोन्ही करते, ते चालत आलंय. गड्याला ते जमत नाही. म्हणून रीत आहे. तुझी आई वारली, बायको गेली. घरात बाई आण, मग नाव लिहितो.

मार्सियानो उभाच राहिला. त्याच्या काकाने त्याच्या पँटचा पाय ओढला. बस खाली, म्हणाला, तुझी स्वतःची कॉफी गळतेय तिथे, ती कोण वेचणार आहे ते आधी बघ.

कुणीतरी खोकलं. दुपार कलायला आली होती, लोकांना भुका लागल्या होत्या. एलिसेओने आणखी एकदा विचारलं, या वेळी कुणाकडे न बघता. मग त्याने एका बोटाने जुडगा टेबलाच्या कडेपर्यंत ढकलला, एउस्तोलियाच्या बाजूला. नोंदीचं पुढच्या सभेत बघू, असं काहीतरी पुटपुटला. चिटणिसाने लिहिलं: टेलिफोन, आबुंदियो येस्कास, आणखी एक वर्ष.

कोठडी आज घेतेस की उद्या, एलिसेओने विचारलं.

आज, ती म्हणाली. उद्या वेचायचंय.

कोठडी कचेरीच्या जिन्याखाली, सणाच्या दिवशी दारुड्यांना टाकतात ती. उभं राहिलं की डोकं लागतं. मार्सियानोनेच तिला नेलं; पहारा त्याचाच होता.  तिला आत घालून त्याने कुलूप लावलं, ओढून बघितलं, आणि गज धरून उभा राहिला. मैदानातून भांड्यांचा आवाज येत होता. जेवण सुरू झालं होतं.

कुठे आहे ती, त्याने विचारलं.

माहीत नाही, ती म्हणाली. बघितलंच नाही. मुद्दाम बघितलं नाही.

खोटं बोलतेस, तो म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता. थोड्या वेळाने त्याने पोरीच्या खोकल्याचं विचारलं, घरी होती तेव्हाचा, थांबला का. एउस्तोलियाने उत्तर दिलं नाही. थांबला म्हटलं तरी तो धागा होता, नाही थांबला म्हटलं तरी होता. ती भिंतीला टेकून खाली बसली, चपला काढल्या. टाचेच्या भेगेतून रक्त आलं होतं, ते तिने परकराने पुसलं आणि डोळे मिटले. सहा ओळी राहिल्या होत्या. वरचा उतार आधी घ्यायला हवा होता.

नव्या वर्षाचा शिपाई जेवून आला. वीस वर्षांचा गडी, पहिलीच पाळी. त्याने मार्सियानोकडे दांडा आणि कुलपाची किल्ली मागितली. मार्सियानो गजांना धरून उभा होता. दुसऱ्यांदा मागितल्यावर त्याने दोन्ही दिली, आणि हात मोकळे झाल्यावर ते कुठे ठेवायचे ते त्याला कळेना.